कॅम कुठला, लिफ्टर कुठले: माझ्या स्ट्रीट बॉबच्या इंजिनाचं काम

माझी हार्ले-डेव्हिडसन स्ट्रीट बॉब सेकंडहँड घेतलेली. आधीच्या मालकाने एअर क्लीनर मोकळा केला होता, एक्झॉस्ट बदलला होता आणि त्याला जुळेल असा मॅप, म्हणजे इंधन आणि इग्निशनचे आकडे, इंजिनाच्या संगणकात (ईसीएम) टाकून घेतला होता. इंजिनाच्या आत मात्र कुणाचा हात लागला नव्हता. हार्लेचं ट्विन कॅम 96, म्हणजे साधारण 96 घन इंचांचं, आरसीवर 1585 सीसी. हवा यायची आणि जायची वाट रुंद झाली, पण मधला दरवाजा अजून कंपनीच्याच वेळापत्रकाने उघडत-मिटत होता. तो दरवाजा म्हणजे व्हॉल्व्ह, आणि वेळापत्रक म्हणजे कॅम, उंचवटे (लोब) असलेला फिरता दांडा. लोब लिफ्टरला उचलतो, लिफ्टर पुशरॉड नावाच्या काठीला ढकलतो आणि व्हॉल्व्ह उघडतो.

कॅमचा एकही कॅटलॉग उघडण्याआधी मी एक काम केलं. नेहमीच्या रस्त्यांवर इंजिन नेमकं किती आरपीएमवर फिरतं, ते लक्ष देऊन बघितलं. चांदणी चौकातून मुळशीकडे, ताम्हिणीत, सातारा रस्त्याने खंबाटकी चढून पसरणीपर्यंत. एक्सप्रेसवेवर दुचाकीला मज्जाव, त्यामुळे लोणावळा जुन्या हायवेनेच. सगळीकडे चित्र एकच: बराचसा वेळ 2,000 ते 3,500. गाडी 5,000 च्या जवळ जाते ती एखाद्या ओव्हरटेकला, तीही क्षणभर. आणि मला खटकत होतं ते घाटात. वळणातून बाहेर पडताना चौथ्या गिअरमध्ये थ्रॉटल दिला की गाडी आधी विचार करायची, मग ओढायची. दर वळणाला तिसरा टाकावा लागायचा. एवढ्या मोठ्या इंजिनाला हे शोभत नाही.

म्हणजे मला वरची पॉवर नको होती, खालचा ओढा हवा होता. हे एकदा ठरलं की कॅटलॉगमधले निम्मे कॅम आपोआप बाद होतात. हा लेख लिहायचं कारणही तेच. आपल्याकडे कॅम निवडताना लोक पहिल्यांदा लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह किती उचलला जातो ते, विचारतात, मग हॉर्सपॉवर विचारतात, आणि जो आकडा सगळ्यात आधी बघायला हवा त्याच्याकडे वळतच नाहीत. तो आकडा म्हणजे इनटेक, म्हणजे हवा आत घेणारा, व्हॉल्व्ह बंद कधी होतो.

पिस्टन तळाशी गेला, वर यायला लागला, तरी इनटेक व्हॉल्व्ह लगेच मिटत नाही. जास्त आरपीएमवर आत येणाऱ्या हवेला वेग असतो, पिस्टन वर येत असतानाही ती आत शिरत राहते. तिथे व्हॉल्व्ह उशिरा मिटणं फायद्याचं. कमी आरपीएमवर हवेला तो वेग नसतो, म्हणून पिस्टन तीच हवा उलट इनटेकमध्ये ढकलून देतो. या इंजिनाचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वरखाली प्रवास, 111.1 मिमी. क्रँक तळापासून 30 अंश पुढे गेला तेव्हा व्हॉल्व्ह मिटला तर पिस्टन साधारण साडेपाच मिमी वर आलेला असतो. 45 अंशांवर मिटला तर बारा मिमीच्या वर. खरं कॉम्प्रेशन सुरू होतं ते तिथून पुढे. पंधरा अंशांचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण घाटात ओढ देणारं कॉम्प्रेशन त्यातच हरवतं.

कॅमच्या कार्डावरचे अंश वाचतानाही जरा सांभाळावं लागतं. हार्लेच्या जगात टायमिंग देताना लिफ्टर 53 थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे 1.35 मिमी, उचलला गेला ती जागा धरायची रीत आहे. काही जण मात्र व्हॉल्व्ह हलायला लागतो तिथपासून मोजलेली ड्युरेशन, म्हणजे व्हॉल्व्ह किती अंश उघडा राहतो ते, छापतात, आणि ती कितीतरी मोठी दिसते. एकीकडचा आकडा दुसरीकडच्या आकड्याशी ताडला की तुलनाच फसते. मी वहीत रकाने आखून फक्त 53 थाऊवाले आकडे उतरवले. ज्या कॅमचे तसे मिळाले नाहीत तो यादीत घेतला नाही. नावांचंही तेच. एस अँड एसच्या कॅमच्या नावातला आकडा, म्हणजे 510, 551, 585, हा व्हॉल्व्ह किती थाऊ उचलला जातो ते सांगतो. 510 म्हणजे 12.95 मिमी, 585 म्हणजे 14.86 मिमी. ही लिफ्ट झाली. व्हॉल्व्ह कधी उघडतो आणि कधी मिटतो याबद्दल नावात काहीच नसतं. ते कार्डावरच बघायचं.

मित्रांपैकी काहींचं म्हणणं होतं की कॅमच्या आधी बोअर, म्हणजे सिलेंडरचा व्यास, वाढव, 103 करून टाक. स्ट्रोक तोच ठेवून बोअर 95.3 वरून 98.4 मिमी केला की 96 चं 103 होतं. काम सोपं आहे, पण सीसी बदलते आणि आरसीवरचा आकडा खोटा ठरतो. मोटर वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे गाडीत असे फेरफार परस्पर करता येत नाहीत. मला माझी गाडी रस्त्यावर मान वर करून चालवायची आहे, म्हणून बोअरला हात लावायचा नाही हे ठरवूनच टाकलं. एक्झॉस्टचा आवाजही वाढवायचा नव्हता.

कॉम्प्रेशन मात्र थोडं वाढवायचं होतं. कंपनीचा आकडा 9.2, म्हणजे सिलेंडरमधली जागा तितक्या पटीने दाबली जाते. हेड उतरवणार होतोच, तर 45 थाऊच्या मूळ गॅस्केटऐवजी 30 थाऊचं टाकायचं ठरलं. हिशेब मी घरीच केला: पंधरा थाऊ कमी झाले की त्या बोअरमध्ये सुमारे 2.7 सीसी जागा कमी होते, आणि 9.2 चे 9.4 होतात. फार नाही. पण पिस्टन आणि हेड यांच्या कडेची फट घट्ट होते, मिश्रण चांगलं घुसळलं जातं आणि नॉकिंगला, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून इंजिन ठोकण्याला, उलट आळा बसतो. हे मला आकड्यापेक्षा मोलाचं वाटलं.

याच्या पुढे जायचं नाही, कारण आपलं ऊन आणि आपला ट्रॅफिक. हवेवर थंड होणारं इंजिन, त्यात मागच्या सिलेंडरला वारा कमी, आणि एप्रिलच्या दुपारी कर्वे रोडवरचा सिग्नल. इनटेक लवकर मिटणारा कॅम कमी आरपीएमवर सिलेंडरमधला दाब वाढवतो. वर कॉम्प्रेशनही चढवलं की गरम इंजिन चढावर ठोकायला लागतं. पुण्याची उंची साधारण 560 मीटर, त्यामुळे हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सहा-सात टक्के कमी आणि कॉम्प्रेशन गेजही तेवढं कमी दाखवतं. त्या आधारावर इथे रेटून चालेल असं कुणी सांगितलं तर मी ऐकणार नाही, कारण हीच गाडी कोकणात उतरते. ताम्हिणी उतरून माणगावला पोहोचलं की हवा दाट होते आणि ऊन जास्त. गेजवर 180 पीएसआयच्या पुढे जायचं नाही, ही मी घातलेली मर्यादा. 100 ऑक्टेनचं पेट्रोल पुण्यात 2020 पासून मिळतं हे खरं, पण ते प्रत्येक पंपावर नसतं. वाटेतल्या साध्या पंपावरचं पेट्रोल ज्याला चालत नाही असं इंजिन मला नको होतं.

एवढं सगळं मांडल्यावर कॅम जवळजवळ स्वतःच ठरला: 510 थाऊच्या आसपास लिफ्ट, इनटेक तळापासून 30 अंशांच्या जवळपास बंद, ओव्हरलॅप (दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असण्याचा काळ) कमी. 2005 नंतरच्या हेडमध्ये एवढी लिफ्ट मूळ स्प्रिंगांवर चालते, म्हणून व्हॉल्व्ह स्प्रिंगांचा खर्च वाचला. ओव्हरलॅप कमी असल्याने आयडलला इंजिन अडखळत नाही. पुष्कळांना ते अडखळणंच आवडतं, त्यासाठी मोठा कॅम घालतात. पण हार्लेच्या व्ही-ट्विनचा, म्हणजे व्ही आकारातल्या दोन सिलेंडरांच्या इंजिनाचा, लंगडा ठेका कॅममुळे येत नाही. दोन्ही कनेक्टिंग रॉड एकाच क्रँकपिनवर असतात आणि सिलेंडरांमध्ये 45 अंश, म्हणून स्फोट 315 आणि 405 अंशांच्या अंतराने होतात. तो ठेका इंजिनाच्या हाडातच आहे.

स्पोर्ट्‌स्टरवाल्यांनी हे सगळं जसंच्या तसं उचलू नये. स्पोर्टस्टर मालिकेतल्या हार्लेच्याच आयर्न 883 मध्ये चार वेगवेगळे कॅम असतात, प्रत्येकावर एकच लोब. माझ्या ट्विन कॅममध्ये दोन, प्रत्येक सिलेंडरला एक. 2017 पासूनच्या मिलवॉकी-एट इंजिनात तर एकच कॅम आणि हेडमध्ये चार-चार व्हॉल्व्ह. विचाराची दिशा तीच राहते, आकडे वेगळे.

गॅरेजवाले दादा हार्लेवर बरीच वर्षं काम करतात. कॅम कव्हर उघडल्यावर त्यांनी मला पहिल्यांदा चेन टेन्शनरच्या, म्हणजे कॅम फिरवणारी चेन ताणून धरणाऱ्या, पट्ट्या दाखवल्या. 1999 ला आलेल्या ट्विन कॅम 88 मध्ये हे टेन्शनर स्प्रिंगवर चालायचे आणि त्यांचं प्लॅस्टिक झिजून ऑइलमध्ये जायचं. 96 मध्ये ते हायड्रॉलिक आहेत, पट्टीवर दाब कमी येतो. माझ्या पट्ट्यांवर चेनचे बारीक चरे होते, खड्डा नव्हता. त्या ठेवल्या.

मग क्रँकचं टोक फिरताना किती वाकडं जातं ते मोजायला तिथे डायल गेज लावला. हे माप कॅमइतकंच निर्णायक आहे, कारण कॅम चेनवर चालवायचे की गिअरवर हे त्याच्यावर ठरतं. गिअर ड्राइव्हची मला ओढ होती. चेन नाही, टेन्शनर नाही, झिजायला काही नाही. दादांनी प्लग काढून, टॉप गिअर टाकून मागचं चाक हाताने सावकाश फिरवलं. काटा सरकत गेला आणि साडेचार थाऊवर जाऊन परत फिरला. तीन थाऊच्या आत असेल तर गिअर लावावेत, त्याच्या वर नाही. दाबून बसवलेल्या क्रँकमध्ये एवढा आउट असणं नवल नाही आणि चेनला तो चालतो, पण गिअरचे दात कधी रुततात, कधी मोकळे पडतात, आणि आवाज करत एकमेकांना खातात. गिअर ड्राइव्हचा विषय तिथेच संपला.

आतली कॅम बेअरिंगं बदलली. मूळ बेअरिंगात पिंजरा असतो, त्यामुळे रोलर कमी मावतात. बिनपिंजऱ्याचं, रोलर गच्च भरलेलं बेअरिंग घातलं. हे काम कॅम बाहेर असतानाच होतं, आणि मागे ठेवलं तर पुन्हा सगळं उघडावं लागतं.

आता लिफ्टर. माझ्या मते यांच्याकडे कॅमपेक्षा जास्त लक्ष द्यायला हवं. कॅम चुकीचा निवडला तर गाडी मनासारखी ओढत नाही, एवढंच. लिफ्टर गेला तर त्याच्या रोलरमधल्या सुया ऑइलमधून पंपात जातात आणि इंजिन घेऊन बसतात.

जुना लिफ्टर आम्ही उघडून बघितला. वरची बारीक रिंग काढली की पुशरॉडची वाटी निघते, मग प्लंजर, त्याखाली एवढीशी गोळी आणि स्प्रिंग. इंजिनचं ऑइल प्लंजरखाली भरतं, गोळी त्याला मागे जाऊ देत नाही, आणि त्या ऑइलच्या खांबावर पुशरॉड उभा राहतो. इंजिन तापलं की अ‍ॅल्युमिनियमची सिलेंडरं वाढतात, व्हॉल्व्ह ट्रेनमध्ये फट पडू पाहते, ती फट हा खांब भरून काढतो. टॅपेट सेटिंगची कटकट या गाड्यांना नाही ती यामुळेच. प्लंजर आणि बाहेरची भिंत यांच्यात अगदी थोडी जागा असते, तिच्यातून ऑइल हळूहळू झिरपतं. ती जागा वाढली की खांब खचतो, व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही आणि टकटक सुरू होते. त्यातून या इंजिनाचा ऑइल प्रेशर मुळात बेताचा: तापलेलं असताना 2,000 आरपीएमवर 30 ते 38 पीएसआय, आयडलला त्याच्या कितीतरी खाली. उन्हाळ्यात 20डब्ल्यू-50 ऑइलही पातळ होतं, आणि झिरपणारा लिफ्टर नेमका सिग्नलला उघडा पडतो.

घड्याळवाल्याचं भिंग डोळ्याला लावून मी चारही रोलर बघितले. तीन स्वच्छ होते. चौथ्यावर, मागच्या एक्झॉस्टच्या, टाचणीने टोचल्यासारखे दोन-तीन ठिपके होते. बोटांनी फिरवला तर एका जागी किंचित अडायचा. बाहेरून ऐकताना या इंजिनात काहीही वेगळं वाटत नव्हतं.

लिफ्टर ज्या बोअरमध्ये वरखाली होतो तो मोजायला भोसरीच्या एका वर्कशॉपमधले काका आले. गेज घालून त्यांनी प्रत्येक बोअर दोन आडव्या-उभ्या दिशांनी मोजला आणि नवा लिफ्टर मायक्रोमीटरमध्ये धरला. एक ते दोन थाऊ फट बरोबर, तीन झाली की बोअर गेला. अशा बोअरमध्ये महागडा लिफ्टरही फार काळ टिकत नाही, कारण फटीतून ऑइल सुटतं. माझे चारही बोअर दीड थाऊच्या आसपास निघाले. काका म्हणाले, "हे अजून एक इंजिन आयुष्य काढतील. लिफ्टर मात्र चांगले घाला, इथे पैसे वाचवू नका." मूळ बोअर शाबूत असल्याने ओव्हरसाइज लिफ्टरची गरज राहिली नाही.

प्रश्न उरला तो साधे घ्यायचे की मर्यादित प्रवासाचे. मर्यादित प्रवासाच्या लिफ्टरमध्ये प्लंजर थोडाच खाली जाऊ शकतो. जास्त आरपीएमवर, कडक स्प्रिंगांवर तो फायदा देतो. ऑइलचा खांब खचला तरी व्हॉल्व्हची उचल फारशी जात नाही. पण तो बसवताना पुशरॉडची लांबी अगदी काटेकोर लागते, आणि थंड इंजिनात थोडी टकटक ऐकू येऊ शकते. माझं इंजिन साडेपाच हजाराच्या पुढे जाणार नाही, स्प्रिंग मूळच्याच. त्यामुळे चांगल्या प्रतीचे, पूर्ण प्रवासाचे लिफ्टर घेतले. 6,000 च्या पुढे फिरवणाऱ्याने मर्यादित प्रवासाचे घ्यावेत, हे मी आनंदाने सांगेन.

पुशरॉड अ‍ॅडजस्टेबल घेतले. हेड उतरवलं होतं, म्हणजे मूळचे अखंड पुशरॉडही परत बसले असते. पण गॅस्केट पंधरा थाऊ पातळ झालं, म्हणजे तेवढाच पुशरॉड लिफ्टरमध्ये जास्त दबणार. नव्या कॅमचा पायाचा गोल, म्हणजे लोब सोडून उरलेला गोल भाग, मूळ कॅमपेक्षा थोडा वेगळा असला तर त्यात आणखी फरक. अंदाजावर सोडण्यापेक्षा मोजून बसवणं मला पटलं.

हेड बसवण्याआधी पिस्टनवर मऊ क्लेचा थर दिला, हेड हलक्या हाताने आवळून इंजिन दोन फेऱ्या फिरवलं आणि पुन्हा उघडलं. क्लेवर दोन्ही व्हॉल्व्हचे ठसे चंद्रकोरीसारखे उमटले होते. ब्लेडने कापून जिथे थर सगळ्यात पातळ होता तिथे मोजलं. 80 थाऊच्या वर जागा होती, इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्हीकडे. एवढ्या कॅमला अडचण येणार नाही असं दादा आधीपासून सांगत होते, पण गॅस्केट बदललेलं असताना ही तपासणी मी सोडली नसती.

कॅम प्लेट आवळताना दादांनी क्रँक फिरवत-फिरवत बोल्ट घेतले, म्हणजे ऑइल पंप मधोमध बसतो. क्रँकवरचं स्प्रॉकेट आणि कॅमवरचं स्प्रॉकेट एका पट्टीने ताडलं. दहा थाऊपेक्षा पुढे-मागे असेल तर मागचा स्पेसर बदलायचा, आमचं जुळलं. टायमिंगचे ठिपके दोघांनी स्वतंत्रपणे बघितले.

पुशरॉड लावायचं काम धीराचं. एक सिलेंडर कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणायचं, म्हणजे दोन्ही लिफ्टर कॅमच्या पायावर असतात. पुशरॉड हाताने लांब करत जायचा. वरखाली हलणं थांबलं की तो शून्य. आमच्या पुशरॉडवर इंचाला 32 आटे, म्हणजे एका फेरीला 31 थाऊ. शून्यापासून तीन फेऱ्या, 94 थाऊ. लिफ्टर प्रवासाच्या मध्याजवळ येतो. मग लॉकनट आवळायचं आणि थांबायचं. नव्या लिफ्टरमध्ये ऑइल भरलेलं असतं, पुशरॉड लांब केल्याने ते दाबलं जातं आणि व्हॉल्व्ह उघडा धरला जातो. अशा वेळी क्रँक फिरवला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळू शकतो. पुशरॉड चिमटीत धरून सहज फिरायला लागला की समजायचं लिफ्टर झिरपून जागेवर आला. पुढच्या सिलेंडरचे दोन्ही दहा-बारा मिनिटांत सुटले. मागच्या एक्झॉस्टला बराच वेळ लागला. दादा चहा घेऊन आले, पण पुशरॉड फिरेपर्यंत चाकाला हात लावू दिला नाही. मला त्यांचं हे फार पटलं.

प्लग बाहेर ठेवून आधी स्टार्टरवर इंजिन फिरवलं, ऑइलचा दाब येईपर्यंत. मग प्लग लावून पहिल्या बटणाला गाडी सुरू झाली. काही सेकंद चारही लिफ्टर वाजले आणि एकेक करत गप्प झाले. तापल्यावर कॉम्प्रेशन मोजलं: दोन्ही सिलेंडरं 175 च्या आसपास, एकमेकांपासून फारसा फरक नाही.

जुन्या मॅपवर गाडी लांब नेऊ नये. ईसीएम इनटेकमधला दाब बघून सिलेंडरमध्ये किती हवा गेली याचा अंदाज बांधतो, आणि कॅम बदलला की तो अंदाजच चुकतो. खालच्या आरपीएमवर आता जास्त हवा आत राहते, म्हणजे जुना मॅप तिथे इंधन कमी देतो. गरम इंजिनाला पातळ मिश्रण सगळ्यात घातक. आधी ढोबळ नवा मॅप टाकला, मग वाइडबँड सेन्सर (हवा-इंधनाचं प्रमाण मोजणारा) लावून पानशेत रस्त्यावर वेगवेगळ्या थ्रॉटलला आकडे भरत गेलो. 2,000 ते 3,000 मध्ये इग्निशन दोन अंश मागे घेतलं, कारण सिलेंडरमधला दाब तिथेच वाढला आहे.

पसरणीत आता चौथा गिअर पुरतो. वळणातून बाहेर पडताना 2,200 ला थ्रॉटल दिला की गाडी उचलते, आणि दुपारी, मागे बायको बसलेली असतानाही ठोकत नाही. 4,800 च्या पुढे ओढ कमी होते. तिथे मोठ्या कॅमवाला मित्र पुढे निघून जातो आणि मला त्याचं काही वाटत नाही. पहिलं ऑइल लवकर बदललं. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी लगदा होता, चमकणारा कण एकही नव्हता. थ्रॉटल मिटून उतारावर येताना एक्झॉस्टमध्ये अजून फुटफुट होते. मॅपमधल्या बंद थ्रॉटलच्या रकान्यांमध्ये इंधन कमी आहे, ते पावसाळ्याआधी भरून घ्यायचं आहे. टेन्शनरच्या पट्ट्या पुढच्या मोठ्या सर्व्हिसला पुन्हा मोजणार.